राजाने चोरलेली खिडकी

कॉर्डवेल हाउसचा फोटो काढायला बाहेरगावची माणसं येतात आणि नेमकी माझ्या दुकानाच्या पायरीवर उभी राहतात. माझं खिळे, कुलपं, रंगाचं दुकान रस्त्याच्या अलीकडे आणि ते घर पलीकडे. अख्खं घर फोटोत मावायला उभं राहायची दुसरी जागा नाही. मग माझ्या गिऱ्हाइकाने आत यायचं कुठून? वर मलाच विचारतात, "केवढं जुनं हो हे?" मी सांगतो, समोरून बघाल तर तीनशे वर्षांचं आणि मागून बघाल तर पाचशे. त्यांना ती थट्टा वाटते. पण खरंच तसं आहे.

मूळचं घर लाकडाचं. ओकचे खांब आणि मधे कुडाला लिंपलेली माती. तीनशे वर्षांपूर्वी, ॲन राणीच्या काळात, आमच्या सफोक परगण्यातल्या सगळ्या व्यापाऱ्यांना विटांचं वेड लागलं, तेव्हा मालकाने लाकडाच्या घराला पुढून विटांची नवी भिंत चढवली. लाल विटा, एक आडवी, एक डोक्याकडून, आणि मधली चुन्याची रेघ सुतासारखी. मधोमध दार, दोन्ही अंगांना दोन-दोन खिडक्या, वर पाच, सगळ्या एका मापाच्या. मागे मात्र तीच वाकलेली लाकडं आणि तेच पोपडे. आमच्याकडे अशा घराला पुढून राणी ॲन आणि मागून मोलकरीण मेरी ॲन म्हणतात. थोडक्यात, बडा घर पोकळ वासा.

वरच्या पाचांतली उजवीकडची शेवटची खिडकी मात्र खिडकी नाही. कमान आहे, खाली दगडी पट्टी आहे, खिडकीएवढा खोलगट भाग आहे, पण काचेच्या जागी वीट. असं का, ते आमच्या गावात शाळेतली पोरंही सांगतील. पूर्वी राजाने खिडक्यांवर कर बसवला होता आणि तो चुकवायला मालकाने ती बुजवली. म्हणून तिचं नाव राजाने चोरलेली खिडकी. मास्तरांनी आम्हाला तेच सांगितलं, आईने तेच सांगितलं आणि मीही फोटोवाल्यांना तेच सांगत आलो. त्या एका खिडकीपायी आमच्या बेरिल कॅचपोलने आपला जन्म काढला.

बेरिल माझ्याच वर्गातली. उंच, हाडापेराने दणकट, आणि आवाज असा की गिरणीच्या भोंग्याने लाजावं. मोठी झाल्यावर ती गावच्या शाळेच्या स्वयंपाकघरात लागली आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिली. ताटातली कोबी टाकून उठायची कोणाची टाप नव्हती. "राजाराणीसुद्धा कोबी खातात," असं पोरांना समजावायला कोणी म्हटलं की ती फणकाऱ्याने म्हणायची, "राजाचं नाव माझ्यापुढे काढू नकोस." लग्न तिने केलं नाही. विचारणारे होते, एकाला तिने अट घातली की राहायचं कॉर्डवेल हाउसमध्येच, त्याच वरच्या खोलीत. तो वर जाऊन खोली बघून आला आणि नंतर त्याला नॉर्विचला नोकरी लागली.

त्या खोलीचं दुखणं जुनं होतं. आमच्या लहानपणी घराचे उभे तीन भाग करून भाड्याने दिलेले होते. उजवीकडचा भाग कॅचपोल कुटुंबाचा. खाली स्वयंपाकघर, वर एकच खोली, आणि ती नेमकी चोरलेल्या खिडकीमागची. त्या खोलीला दुसरी खिडकी नव्हती. जिन्याच्या दारावरच्या काचेतून येईल तेवढाच उजेड. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या त्या भयंकर हिवाळ्यात, नदी गोठली आणि कोळसा मिळेनासा झाला तेव्हा, बेरिलच्या आईची छाती भरली. डॉक्टर म्हणाले, खोलीत हवा येऊ द्या, खिडकी उघडी ठेवा. तिचे वडील म्हणाले, "कुठली?"

ते टोपी हातात घेऊन मालकाच्या कारभाऱ्याकडे गेले. भिंतीला भोक पाडू द्या, मी स्वतः पाडतो, म्हणाले. कारभारी हसला. "राजाने बंद केलीय ती. मी कोण उघडणारा?" कर रद्द होऊन शंभर वर्षं होत आली होती, पण त्याला विनोद सुचला होता आणि तो करून तो मोकळा झाला. मला आजही त्या माणसाचा राग येतो.

फेब्रुवारीत आई गेली. आमच्याकडे माणूस गेलं की सगळ्यांत आधी खिडकी उघडतात. जाणाऱ्याला वाट हवी. बाकीचं सगळं, डोळे मिटणं, आंघोळ, चादर, त्यानंतर. हे सगळं करायला गावात माझ्या आईला बोलवायचे. ती जिना चढून वर गेली, हात पुसले आणि सवयीने म्हणाली, "खिडकी उघडा गं." मग तिच्या लक्षात आलं आणि तिने जीभ चावली. तिने जिन्याचं दार उघडलं, खाली येऊन रस्त्याचं दार उघडलं. तेवढ्यात वारा आला आणि दोन्ही दारं धाडकन बंद झाली.

बेरिल चुलीपाशी उभी होती. तिने माझ्या आईला विचारलं, "मावशी, आई कुठून गेली?"

"दारातून गेली, बाळा."

"दार तर लगेच लागलं."

 माझ्या आईने बेरिलला घरी आणून आमच्याबरोबर जेवायला बसवलं. पण रात्री झोपायला बेरिल आपल्या घरी, त्याच खोलीत गेली. त्यानंतर पन्नास वर्षं तिने दुसरीकडे पाठ टेकली नाही. सहलीला गेली तरी संध्याकाळच्या बसने परत.

तरुणपणी एकदा मी तिची फिरकी घेतली. "काय गं, भूत आहे का तुझ्या खोलीत?"

"भूत नाही रे," ती म्हणाली. "आई आहे. तिला अडकवून मी कुठे जाऊ?"

मी परत कधी त्यावरून थट्टा केली नाही.

मालकाच्या वारसांनी घर विकायला काढलं तेव्हा बेरिलने आपला भाग विकत घेतला. कसा घेतला ते तिचं तिला ठाऊक. तिचा एकच कोट मात्र मी पुष्कळ वर्षं बघत होतो. कागद हातात पडले त्याच दिवशी ती माझ्या दुकानात आली. "सिड, तुझी सगळ्यांत चांगली छिन्नी दे."

"कशाला?"

"राजाचं बिल चुकतं करायचंय."

छिन्नी मी दिली, पण घाव घालायच्या आधीच तिला कळलं की असं करता येत नाही. घर जपायच्या जुन्या इमारतींच्या सरकारी यादीत. एक वीट हलवायची तरी कौन्सिलची परवानगी. बेरिलने अर्ज केला. नकार आला. तिने पुन्हा केला. पुन्हा नकार. दुसरी कोणी असती तर कानाला खडा लावला असता. बेरिल कौन्सिलच्या प्रत्येक सभेला जाऊन पुढच्या रांगेत बसायला लागली. रस्त्यातल्या खड्ड्यांवर चर्चा असो, नाहीतर बदकांच्या तळ्यावर. शेवटी कोणाला काही विचारायचंय का म्हटलं की ही उभी राहायची. "माझ्या खिडकीचं काय झालं?" अध्यक्षांनी तिला पाहून चष्मा काढून पुसायची सवय लावून घेतली.

शेवटी कौन्सिलने जुन्या इमारतींचं काम बघणारी बाई पाठवली. मिस लॅम्बर्न. बारीक चणीची, गळ्यात मोठा मफलर, बोलणं हळू. तिने वर बघितलं, मागून बघितलं, खोलीत जाऊन भिंतीवर टकटक केलं आणि म्हणाली, "मिस कॅचपोल, मला शंका आहे. ही खिडकी कदाचित कधी उघडी नव्हतीच."

"म्हणजे?"

"कधी कधी नुसत्या शोभेसाठी करायचे. डावीकडे जेवढ्या, उजवीकडे तेवढ्या दिसाव्यात म्हणून."

"बाई," बेरिल म्हणाली, "अख्ख्या गावाला माहितीय ती कोणी बंद केली ते. तुम्ही पुस्तकं वाचा, आम्ही इथे राहतो."

मीही शेजारी उभा राहून मान डोलावली. गाव म्हणजे काय खोटं बोलणार? मिस लॅम्बर्नने वाद घातला नाही. उलट तिनेच खटपट करून तपासण्यापुरती परवानगी मिळवून दिली. आतला गिलावा काढायचा, बाहेरच्या थोड्या विटा काढायच्या, आणि मागे खिडकीची जागा निघाली तर पुढचं बघायचं.

विटा काढायच्या दिवशी सकाळपासून रस्त्यावर जत्रा होती. घराच्या मधल्या भागातल्या मिसेस पेटिटने केक आणला, चहाची किटली बाहेर मांडली. बेरिलने केस सेट करून घेतले होते. नवे पडदे शिवून ठेवले होते, निळ्या चौकटीचे. तिच्या आईचा एप्रन त्याच कापडाचा असायचा. कॉलिन बॉरेट नावाचा गवंडी परांचीवर चढला आणि त्याने चुना खरवडायला सुरुवात केली. चुना असल्यामुळे विटा न फुटता निघत होत्या. पहिली निघाली तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या.

मग कॉलिन थांबला. वाकून बघितलं, हात घातला. "बेरिल," तो वरून म्हणाला, "जरा वर येतेस का?"

ती खाली-वर न बघता परांची चढली. मीही मागोमाग गेलो; पडली असती तर धरायला कोणी हवं. कॉलिनने बोटाने दाखवलं. एखादी खिडकी नंतर बुजवली तर कडेला सरळ सांधा दिसतो, नव्या विटा जुन्यांना नुसत्या टेकलेल्या असतात. इथे तसं नव्हतं. खोलगट भागातल्या विटा बाजूच्या भिंतीत आतवर शिरलेल्या होत्या, दातात दात घातल्यासारख्या. सगळी भिंत एका दमात बांधलेली. आणि काढलेल्या विटांच्या मागे काळाकुट्ट ओकचा खांब उभा होता, माझ्या कंबरेएवढा जाड, त्याला तिरका आधार दिलेला. जुन्या लाकडी घराचा कोपऱ्याचा खांब. वरचं सगळं छप्पर त्याच्यावर. राणी ॲनच्या गवंड्यांना तिथे खिडकी करताच आली नव्हती. म्हणून त्यांनी बाहेरून तिचा आकार काढला आणि पुढे गेले. वासा पोकळ नव्हता, चांगला भरीव होता.

बेरिलने हात घालून त्या खांबावर टकटक केलं.

"म्हणजे राजाने नाही चोरली?"

"नाही," कॉलिन म्हणाला. "चोरायला काही नव्हतंच."

"खांब कापला तर?"

"तर तू, मी आणि मिसेस पेटिटचा केक, सगळे छपराखाली."

खाली कोणीतरी हसलं. बेरिल हसली नाही. "पन्नास वर्षं मी त्या बिचाऱ्या राजाला शिव्या घातल्या," ती म्हणाली आणि उतरली. मिस लॅम्बर्न तिच्या दिशेने दोन पावलं आली, पण बेरिल तिच्या शेजारून आत गेली आणि दार लावलं. मी रस्त्यावर उभा होतो, हातात केकचा तुकडा. इतकं वाईट मला माझ्या आईच्या वेळीही वाटलं नव्हतं. खिडकी बंद असेल तर माणूस भांडतो, अर्ज करतो. जी कधी नव्हतीच, ती कोणाकडे मागायची?

कॉलिनने त्याच विटा त्याच जागी चुन्यात बसवल्या. बेरिल पुष्कळ दिवस बाहेर दिसली नाही. दूध दारातून उचलायची, पुन्हा दार बंद. मिसेस पेटिट सांगायची, भिंतीतून आवाज येतो, एकटीच बोलते. मला धास्ती वाटायला लागली होती. आणि एका सकाळी दुकान उघडतो तर पायरीवर बेरिल.

"पांढरा रंग दे. काळा दे. निळा दे थोडा. बाहेर टिकणारा, पाऊस लागला तरी न उतरणारा. आणि शिडी उसनी हवीय."

"काय रंगवणार आहेस?"

"खिडकी."

यात तसं नवल नव्हतं. आमच्या भागात अशा आंधळ्या खिडक्यांवर काळ्या काचा आणि पांढऱ्या पट्ट्या रंगवतात. लांबून खऱ्या वाटतात. पण तिला चित्रकला यायची ती केकवर जाम पसरण्यापुरती. पहिली खिडकी तिने काढली ती अशी तिरपी झाली की शाळेतली पोरं मान वाकडी करून जायला लागली. तिने विटांवरचा सगळा रंग घासून काढला. पुन्हा काढली. ती फुगली. पुन्हा घासली. मग ती माझ्या दुकानासमोर खुर्ची टाकून बसायला लागली आणि बाकीच्या खिडक्यांवर सावली कुठे पडते, काचेत आभाळ किती दिसतं, हे बघत राहायची. गिऱ्हाइकांना वळसा घालून यावं लागायचं.  बोलून उपयोग काय, पालथ्या घड्यावर पाणी.

उन्हाळा सरता सरता तिची खिडकी जमली. सगळा रस्ता बघायला आला. मी वर बघितलं आणि बघतच राहिलो. तिने खिडकी उघडी काढली होती. खालचं तावदान वर सरकवलेलं, आत खोलीचा काळोख, आणि कडेने निळ्या चौकटीचा पडदा बाहेर उडालेला. आतून नुकतंच कोणीतरी बाहेर गेलं असावं, तसा.

 बेरिल माझ्या शेजारी येऊन म्हणाली, "आता झालं बघ, सिड. आता तिला वाट आहे." त्या वर्षी बेरिल पहिल्यांदा चार दिवस समुद्रावर राहून आली.

कौन्सिल गप्प बसलं असतं तर ते कौन्सिल कसलं. हिवाळ्याच्या तोंडावर मिस लॅम्बर्न पुन्हा आली. ती दारात अवघडून उभी राहिली. "रंगवायला हरकत नाही, मिस कॅचपोल. काम सुंदर झालंय. पण कमिटीचं म्हणणं आहे की ती बंद दाखवावी लागेल. दर्शनी बाजूच्या सगळ्या खिडक्या एकसारख्या दिसायला हव्यात. घराची सगळी मांडणीच त्यावर आहे. एक उघडी आणि बाकी बंद, हे चालायचं नाही."

"बाई, ती उघडायला माझा जन्म गेला," बेरिल म्हणाली. "आता ती बंद होणार नाही."

"पुढच्या बुधवारी कमिटीची माणसं बघायला येतायत."

"येऊ देत. चहा पाजीन."

मिस लॅम्बर्न रस्ता ओलांडून माझ्या दुकानात आली. तिला काही विकत घ्यायचं नव्हतं. ती कुलपं चाळत राहिली आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "नियम फक्त एकसारखेपणाचा आहे. किती उघड्या असाव्यात, हे कुठे म्हटलेलं नाही." आणि निघून गेली. मी आधीच सांगतो, मी तिच्याबद्दल जे काही पूर्वी बोललो असेन ते मागे घेतो.

बुधवारी गारठा असा की तोंडातून वाफ निघत होती. कमिटीचे तिघं कोटाच्या कॉलरी वर करून आले आणि माझ्या पायरीवर उभे राहिले, अर्थातच. त्यांनी वर बघितलं. कॉर्डवेल हाउसच्या खालच्या चारही खिडक्यांची तावदानं वर सरकवलेली, वरच्या खऱ्या चारांचीही तशीच. प्रत्येकीतून पडदा बाहेर उडत होता. मधल्या खिडकीत मिसेस पेटिट कोट, टोपी आणि हातमोजे घालून बसली होती आणि नाक पुसत होती. डावीकडच्या भागातलं तरुण जोडपं ब्लँकेट पांघरून हात हलवत होतं.

कमिटीतला म्हातारा म्हणाला, "या घरातली माणसं हिवाळ्यात खिडक्या उघड्या ठेवतात?"

"नेहमीच," मी म्हणालो. "आमच्याकडे हवेला फार मानतात."

"नियमाप्रमाणे," मिस लॅम्बर्न वहीत बघत म्हणाली, "दर्शनी बाजू एकसारखी आहे."

त्याने तिच्याकडे बघितलं, मिसेस पेटिटच्या नाकाकडे बघितलं आणि म्हणाला, "चहाचं काय?" विषय तिथे संपला.

त्यानंतर बेरिल दर दोन-तीन वर्षांनी शिडी मागून न्यायची आणि रंगाचा हात फिरवायची. गुडघे गेले तेव्हा शिडीवर मी, आणि खाली खुर्चीत बसून ती. "पडदा लुळा पडलाय, सिड. वारा दाखव, वारा." माझी शिकवणीच चालायची.

मागच्या जानेवारीत ती अंथरुणाला खिळली. हॉस्पिटलमध्ये जायला तिने साफ नकार दिला. "जाईन ती इथूनच," म्हणाली, आणि तिच्यापुढे कोणाचं काय चालणार. मी सकाळी दुकान उघडण्याआधी तिच्यापाशी बसायला जायचो. शेवटच्या सकाळी ती डोळे मिटून होती. नर्स आलेली होती, नवी मुलगी, हसरी. थोड्या वेळाने बेरिलचा श्वास थांबला. नर्सने नाडी बघितली, घड्याळ बघितलं, तिचा हात नीट ठेवला. आणि मग उठून सवयीने खोलीत चारही बाजूंना बघायला लागली. भिंती, भिंती, आणि जिन्याचं दार.

"काका," ती हळूच म्हणाली, "इथे खिडकी कुठेय? उघडायला हवी."

"उघडीच आहे," मी म्हणालो.

तिला वाटलं, म्हाताऱ्याला दुःखाने भ्रम झाला. मी तिला हाताला धरून खाली नेलं, स्वयंपाकघराची खिडकी वर सरकवली, मग तिला रस्ता ओलांडून माझ्या पायरीवर उभं केलं आणि वर दाखवलं. मिसेस पेटिटला भिंतीतून सगळं ऐकू गेलं असणार, कारण तिच्या खिडक्या वर गेलेल्या होत्या. डावीकडच्या जोडप्याच्याही एकेक करून वर जात होत्या. शेवटची वर गेली तेव्हा सगळी दर्शनी बाजू उघडी होती, सगळ्यांचे पडदे बाहेर उडत होते.

नर्स खालून वरपर्यंत बघत राहिली. मग म्हणाली, "यातली त्यांची कुठली?"